गोटेपारची म्हातारी

त्या रविवारी कुंता बापाची शिदोरी घेऊन निघाली तेव्हा नागभीडच्या स्टेशनावर दुपारची गाडी इंजिनात पाणी भरून घेत उभी होती. पौष लागला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाचे चुरणे चालले होते आणि बैलांच्या पायांखालून उडालेला कोंडा तिच्या पांढऱ्या लुगड्यावर येऊन बसत होता. डब्यात भात होता, वाळल्या झिंग्यांचे कालवण होते आणि वेगळ्या फडक्यात बांधलेले उकडलेले शिंगाडे. मनसाराम मास्तर चित्राला बसले की जेवण विसरत. शिंगाडे मात्र रंगाच्या हातानेच एकेक करून संपवत.

तळ्याच्या पाळीवर मासेमार ढिवर समाजाने नवे समाजमंदिर बांधले होते. भिंती पक्क्या, वर कवेलू, पुढे मोठा दरवाजा. कुंता मागच्या दाराने आत गेली. संक्रांतीनंतर वास्तुपूजा व्हायची होती आणि तोवर विधवा बाईने पुढून येऊ नये, असा निरोप तिला कोणी धाडला नव्हता. तिला सांगावे लागत नसे. सतरा वर्षांत असे काहीच सांगावे लागले नव्हते आणि याचेच गावात कौतुक होते. मास्तरांची कुंता कन्याशाळेत शिकवते, चार पेटाऱ्या पुस्तके वाचून बसली आहे, पण कधी उलट शब्द बोलत नाही.

आत मास्तरांपुढे मैना उभी होती. ही गोंडीण जंगलातली चारोळी घेऊन दर रविवारी बाजाराला येई. आज मास्तरांनी तिला वाटेतच अडवले होते. तिचा उघडा हात त्यांनी धरून ठेवला होता आणि खाली मातीच्या सहा वाट्या मांडल्या होत्या. प्रत्येक वाटीत गेरू, पिवळी माती आणि काजळी वेगवेगळ्या प्रमाणात कालवलेली. एकेक वाटी ते तिच्या हाताजवळ नेत, पाहत आणि मान हलवत.

"मास्तर, बजार उठून जाईल ना," मैना म्हणाली. "काळा रंग लावा अन् सोडा मले."

"काळा म्हणजे कोणता काळा? तुह्या हाताचा, लटारूच्या पाठीचा, का माह्या टकलाचा?"

मैना इतकी हसली की तिच्या डोक्यावरची टोपली कलली. शेवटी चौथ्या वाटीत चिमूटभर गेरू पडला आणि रंग जुळला. ती गेल्यावर मास्तर हात पुसत कुंताला म्हणाले, की एकच वाटी घेऊन बसलो असतो तर चित्र दिवाळीतच झाले असते.

चित्र बारा हात लांब होते. मांजरपाटाचे तुकडे शिवून, त्यावर सरस आणि खडूचा हात देऊन ते चौकटीवर ताणले होते. त्याची सुरुवात दोन हिवाळ्यांपूर्वी गोटेपारच्या माळावर झाली. तिथे मुरमाड जमिनीत मोठमोठे दगड गोल मांडलेले आहेत. लोक त्यांना राक्षसांची खळी म्हणत. नागपूरहून एक साहेब आले आणि त्यांनी त्यातले एक वर्तुळ खोदले. हाडांची आणि मडक्यांची मापून चित्रे काढायला त्यांनी मास्तरांना हाताशी घेतले. खाली तीन माणसे निघाली. मध्ये एक म्हातारी, दोन्ही बाजूंना दोन पुरुष. शेजारी लोखंडी गळ आणि घोड्याच्या तोंडातला लगाम. ही बातमी समाजात पसरली तेव्हा अध्यक्ष गुणवंतरावांनी ठरवले, की नव्या मंदिराच्या भिंतीवर 'आपले पूर्वज' म्हणून मोठे चित्र लावायचे. ते आपलेच पूर्वज कशावरून, असे साहेबांना विचारले तर ते म्हणाले होते, की हाडे जात सांगत नाहीत.

मग हाडे काय सांगतात, ते मास्तरांनी विचारून घेतले होते. म्हातारीचा डावा पाय तरुणपणीच मोडला होता आणि वाकडा सांधला गेला होता. पुढची तीस-चाळीस वर्षे तिला धड चालता आले नसेल, म्हणजे तेवढी वर्षे कोणीतरी तिला खाऊ घातले, उचलून नेले. डावीकडचा पुरुष तिच्या पुष्कळ आधी पुरलेला होता. उजवीकडचा तिच्याच सुमाराचा. आणि तिच्या दोन्ही मनगटांच्या हाडांवर तांब्याच्या बांगड्या होत्या.

म्हणून मास्तरांनी चित्रात माणसे काढली ती अवतीभवतीची. सत्तावीस चेहरे, एकासारखा दुसरा नाही. जाळी वाहून पाठीला कुबड आलेला लटारू होता, मैना होती, देवीत डोळे गेलेला एक म्हातारा होता. उंच, बुटके, चपट्या नाकाचे, लांब नाकाचे, दोघे-तिघे चांगले उजळही होते. घोडा होता, पण कडेला, चरत असलेला. मधोमध वाकड्या पायाची म्हातारी बसली होती. तिच्या मागे एक शिळा उभी होती आणि शेजारी बसलेला माणूस तिच्या ओंजळीत पाणी ओतत होता. म्हातारीला चेहरा तेवढा नव्हता.

"कुंते, जरा खिडकीपाशी बस," मास्तर म्हणाले. "तोंड पाह्यजे मले."

ती बसली. बाप मोठ्या झालेल्या मुलीकडे असे रोखून पाहत नाही. कुंताला वाटले, इतक्या वर्षांत बाबांनी आपल्याला नीट पाहिलेच नव्हते. बाहेर तळ्यावर कोणी धुणे आपटत होते. बराच वेळ गेला. मग कुंचला न थांबवता ते म्हणाले, "कुंते, मी एक बोलणार होतो. तेव्हाचं."

तेव्हाचे म्हणजे केव्हाचे, हे तिला कळले. ती उठली.

"कालवण निवून राह्यलं," ती म्हणाली. "तुम्ही जेवून घ्या. मले वह्या तपासाच्या हायेत."

"हो. जा," ते म्हणाले आणि वाट्यांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चित्राचे राहिलेले काम उरकले. मग, शिळेचा रंग उतरत्या उन्हात कसा दिसतो ते एकदा पाहून येतो म्हणून लटारूच्या बैलगाडीतून ते गोटेपारला गेले. लटारू बैलांना पाणी पाजून परत आला तेव्हा मास्तर एका दगडाला पाठ टेकून बसले होते. झोपले असतील म्हणून त्याने बिडी संपेपर्यंत हाक मारली नाही. दिवस बुडायच्या आत गाडी दारात आली. कुंताने बाबांच्या नखांतला रंग रॉकेल लावून काढायचा प्रयत्न केला, तो निघाला नाही, मग तसाच राहू दिला.

तेरावे झाले. पाहुणे गेले. घरात आवाज राहिला तो एकट्या कुंताच्या भांड्यांचा. ती शाळेत जाई, मुलींचे पाढे घेई, परत येई, दोघांपुरते तांदूळ मोजी आणि अर्धे परत डब्यात ओती. पुस्तक उघडले की बाप समोरून विचारायचा, काय वाचते. आता कोणी विचारत नव्हते, म्हणून वाचलेले लक्षात राहत नव्हते.

पंधराव्या दिवशी ती समाजमंदिरात बाबांच्या वाट्या आणि कुंचले आणायला गेली आणि तिने म्हातारीचा चेहरा पाहिला.

तो तिचाच होता. कपाळाची ठेवण तिची, खालचा ओठ दाबून धरायची खोड तिची, हनुवटीजवळचा तीळ तिचा. पण साठीचा चेहरा होता, आणि डोळ्यांच्या कडांना, गालांना पडलेल्या सुरकुत्या हसून हसून पडलेल्या होत्या. कुंताला माहीत होते, आपल्या चेहऱ्यावर अशा सुरकुत्या कधी पडणार नाहीत. त्यासाठी मधली वर्षे वेगळी जावी लागतात. म्हातारीच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत तांब्याच्या बांगड्या होत्या. मागे आधी पुरलेल्या पुरुषाची, म्हणजे पहिल्या नवऱ्याची, शिळा होती आणि शेजारी पाणी देणारा दुसरा माणूस.

कुंता खाली फरशीवर बसली.

ही गोष्ट वाचणाऱ्यांना इथे थोडे मागचे सांगितले पाहिजे. ढिवरांत पूर्वी पाट लावत. विधवा झालेल्या बाईने दुसरा संसार थाटला तर त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. बाई तरुण आहे, हातपाय चालतात, तिने एकटे का राहावे, इतका साधा तो विचार होता. १९३८ साली नागभीडला समाजाची सभा भरली. चार शिकलेले लोक बोलले. स्वतःला वरचे म्हणवणाऱ्यांत विधवेचे पुन्हा लग्न होत नाही, आपल्यात होते, म्हणून लोक आपल्याला हलके लेखतात. तेव्हा पाट बंद करावा. टाळ्या पडल्या. अक्षर चांगले म्हणून ठराव लिहायला मनसाराम मास्तरांना बसवले. त्याच काळात दूरच्या शहरांत त्या वरच्यांतलेच काही लोक आपल्या विधवांची लग्ने व्हावीत म्हणून भाषणे करत होते. कुंताने ते पुष्कळ वर्षांनी जुन्या मासिकांत वाचले आणि मासिक मिटून ठेवले. ज्या चालीची त्यांना लाज वाटू लागली होती, ती आपण मान म्हणून घरी आणली होती. ठराव झाला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. दोन वर्षांनी तिचा नवरा पटकीने गेला.

ती अशी बसली असताना बाबुलाल पेंटर आत आला. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस मास्तरांना गुरू मानी. त्याच्या हातात पांढऱ्या रंगाचे दोन डबे होते. तिला पाहून तो ओशाळला. डबे त्याने भिंतीआड ठेवले आणि मग सगळे सांगून टाकले. कमिटीने काल चित्र पाहिले होते. सगळ्यांना गव्हाळ करायचे, लटारूचे कुबड आणि आंधळ्याचे डोळे नीट करायचे, मधली म्हातारी पुसून तिथे घोड्यावर बसलेला राजा काढायचा. परवा वास्तुपूजा. आज दुपारी कमिटी बसून ठराव लिहिणार.

"बाई, मी एका पडद्यावर दहा राजे काढतो, दहाइले एकच तोंड," तो म्हणाला. "इथी दोन तोंडं सारखी नाईत. माह्यानं पुसवत नाई. पण मी नाई म्हणलो त ते चांद्याहून दुसरा आणतील."

कुंताने त्याला दोष दिला नाही. ती वाट्या न घेताच तिथे थांबली.

दुपारी माणसे जमली. सतरंजी घातली गेली. बाईमाणूस बैठकीत बसलेले पाहून चिटणीस मुखरू गडबडला, पण मास्तरांचे दुःख ताजे होते, म्हणून कोणी उठवले नाही. लटारू दाराशी उकिडवा बसला. तो कमिटीत नव्हता.

गुणवंतराव वाईट माणूस नव्हते, हे सांगायलाच हवे. लहानपणी शाळेच्या पडवीत बसून, खिडकीतून ऐकून ते शिकले होते. तळ्याचे ठेके समाजाच्या हातात राहावेत म्हणून त्यांनी जन्मभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. चित्राकडे हात करून ते बोलू लागले.

"मास्तर माहा जिवाचा माणूस. पण सांगा मले, साठ वर्षं लोकाइनं आपल्याले काळे म्हणून हिणवलं, वास येतो म्हणून दूर बसवलं. आता आपल्याच भिंतीवर आपण तेच लावाचं? परवा बाहेरचे पाहुणे येतील. ते काय म्हणतील, हे याइचे पूर्वज? लंगडे, कुबडे, गोंडिणी?"

दोन-तीन माना हलल्या. कुंताला त्यांचे म्हणणे कळत होते, आणि कळत होते म्हणूनच बोलणे कठीण होते. शाळेत बोलतात तशा मराठीत ती म्हणाली, "भाऊ, ज्यांनी तुम्हाला पडवीत बसवलं, त्यांचं तोंड आपल्या पूर्वजांना लावल्यानं ते आपले राहतील का? साहेबांनी हाडं मोजली आहेत. ती बाई लंगडी होती आणि तिला मधोमध पुरलं होतं. तिला कोणी टाकलं नाही. एवढं एकच आपल्याला नक्की माहीत आहे, आणि तेच आपण पुसतो आहोत."

"माहं कुबड राहू द्या जी," लटारू दारातून म्हणाला. "मास्तरानं चार दिवस पाह्यलं त्याच्याकडं. बाकी सारे मान फिरवतात."

कोणी तरी हसले, कोणी तरी त्याला गप्प केले. गुणवंतराव थोडे मऊ झाले. ते म्हणाले, की रंगाचे आपण पाहू, थोडे उजळ केले तरी पुरे, कुबडही राहू द्या हवे तर. पण मधल्या बाईचे चालायचे नाही. एक नवरा मागे दगडाखाली आणि दुसरा शेजारी पाणी पाजतो. हातभर बांगड्या. ज्या समाजाने पाट बंद केला, त्याच्या भिंतीवर पाटाची बाई पूर्वज म्हणून बसवायची, म्हणजे ठरावावर थुंकणेच. त्यांनी मुखरूला वही काढायला सांगितली. लिहा, ते म्हणाले, चित्रातली मधली बाई सर्वानुमते पुसावी.

मुखरूने दौत उघडली.

"सर्वानुमते नाही," कुंता म्हणाली.

गुणवंतराव तिच्याकडे वळले. त्यांना राग आला नव्हता. ते समजावण्याच्या सुरात बोलत होते आणि तेच तिला सगळ्यात जड गेले.

"कुंते, तू आपल्या समाजाची लेक. सतरा वर्षं कोण्या गोष्टीले नाई म्हटलं नाई तू. माह्या घरच्या पोरीइले मी तुहं उदाहरण देतो. आता बापानं जाता जाता काय काढून ठेवलं, तोंड तुहं अन् बाजूले परका माणूस. मी तुह्यासाठीच सांगून राह्यलो. तुले कधी काही कमी पडलं? पाट पाह्यजे होता, असं कधी आलं तुह्या मनात? नाई ना. मंग हे चित्र तुह्या नावाले बट्टा आहे."

तिने नाही म्हणायचे होते, इतकेच. नाही म्हटले असते तर तिचा मान राहिला असता, बाबांचाही राहिला असता, आणि भिंतीवर एक गोरा राजा घोड्यावर बसला असता. कुंता उठून उभी राहिली. तिची पाठ चित्राकडे होती.

"आरमोरीहून विचारणं आलं होतं, भाऊ," ती म्हणाली. "त्रेचाळीस साली, होळीच्या आधी. इस्तारी नाव त्याचं. वैनगंगेवर डोंगा चालवायचा. त्याची बहीण आली होती. मी तट्ट्याच्या आड तांदूळ पाखडत होते. बाबा तिला म्हणाले, आमच्यात आता पाट बंद झाला, ठराव मीच लिहिला. त्यांनी मला विचारलं नाही. मी सुपावरून मान वर केली नाही. बाई पाणी पिऊन निघून गेली."

मुखरूची लेखणी दौतीवरच राहिली होती.

"बाबांना जायच्या आदल्या दिवशी हेच बोलायचं होतं. मी त्यांना बोलू दिलं नाही. मला वाटलं, आता बोलून काय. चौदा वर्षं आम्ही दोघं एका चुलीवर जेवलो, सगळ्या जगाची पुस्तकं वाचून एकमेकांना सांगितली, आणि ही एक गोष्ट मधे ठेवून बसलो. तुम्ही त्याला माझं शहाणपण म्हणता. तुमच्या पोरींनाही तेच शिकवता."

तिचा आवाज चढला नाही. शाळेतली मराठी मात्र कुठेतरी सुटून गेली.

"मुखरूभाऊ, ठरावात साऱ्याइचं मत लिहितात ना? माहं कोणी विचारलं नाई. आता लिहा. मले पाट लावाचा होता. तवाही होता. बाबाइले सांगाचं होतं, सांग्तलं नाई. माह्या नावानं लिहा."